काट्याला कुठला रोग?

पहिली काळी पडली ती वसुंधराबाईंची जोडवी.

"अगं बाई, हे काय!" सलवार गुडघ्यापर्यंत वर धरून त्या गरम पाण्यात उभ्या होत्या. त्यांनी एक पाय पाण्याबाहेर काढला आणि त्या किंचाळल्या. "सकाळी पांढरीशुभ्र होती हो!"

त्यासरशी झऱ्यात उतरलेल्या सगळ्यांनी आपापले हात, पाय, गळे तपासले. कुणाची साखळी तांबूस झाली होती, कुणाचं कडं करडं पडलं होतं, तर कुणाची अंगठी कोळशासारखी दिसत होती. सोनं मात्र होतं तसंच पिवळंधमक. एकदम गलका उसळला. भीती कमी, मजाच जास्त. घसा फुटेस्तोवर लोक एकमेकांना हाका मारत होते, "माझं बघ! माझं तुझ्यापेक्षा काळं आहे!"

१९९८च्या फेब्रुवारीतला शुक्रवार होता. मस्कतच्या रुवी आणि हमरिया भागांतली सव्वीस मराठी माणसं बदरुद्दीनच्या मिनीबसमधून सकाळी सात वाजता निघाली होती. रुस्ताकच्या मागे उघड्याबोडक्या डोंगरांत एक अरुंद वादी आहे. वादी म्हणजे कोरड्या नदीची घळ. दोन्ही बाजूंना ताडासारखे उभे कडे, तळाशी गोटे आणि शेवटच्या वळणावर खजुराची वीस-पंचवीस झाडं. त्या झाडांखाली खडकातून वाफाळतं पाणी येतं. त्याला उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो. संगमेश्वराकडच्या शांतारामकाकांनी बसमधून उतरताच नाक वर केलं होतं आणि म्हटलं होतं, "आमच्या राजवाडीच्या गरम पाण्याच्या कुंडावर आल्यागत वाटतंय रे!"

या गलक्याच्या मधोमध, एका सपाट दगडावर, चंद्रशेखरबापू डोळे मिटून बसले होते. कुणाच्या तरी मेव्हण्याने काढलेल्या व्हिजिट व्हिसावर बापू महिन्यापूर्वी मस्कतला आले होते. तेव्हापासून हमरियात एकच विषय होता: बापूंचा चांदीचा उपचार.

बापूंनी डोळे उघडले.

"चांदी चंद्राची, पाणी पाताळाचं!" ते गरजले. "रोग अंगातून निघाला, चांदीत शिरला आणि तोंड काळं करून बसला! सोनं लबाड असतं, ते रोग लपवतं. चांदी कधी खोटं बोलत नाही!"

"वा!" सव्वीस तोंडं म्हणाली.

त्या सव्वीस तोंडांत धनंजयचंही एक होतं. वय एकतीस, एका पंचतारांकित हॉटेलात भांडी धुण्याच्या विभागाचा सुपरवायझर, स्वभावाने काटेकोर. कुठल्याही कामाला किती मिनिटं लागली हे मनगटावरच्या घड्याळात बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पण आज तोही हरखला होता. त्याच्या गळ्यातली साखळी सात मिनिटांत काळी पडली होती.

पण खरा चमत्कार पुढेच होता. बापूंच्या समोर दोन टोप होते. दोन्हींना लाल फडकं घट्ट गुंडाळलेलं. फडक्याची किनार काठावरून आत दुमडलेली, पाण्यावर झेंडूच्या पाकळ्यांचा जाड थर. एकाचं नाव चंद्रकुंभ, दुसऱ्याचं सूर्यकुंभ. छोट्या गॅसवर उकळलेलं पाणी त्यांत ओतायचं, पांढऱ्या भस्माची मूठ टाकायची आणि काळी चांदी आत सोडायची.

"सौम्य रोग चंद्रकुंभात, चिवट रोग सूर्यकुंभात," बापूंनी सांगितलं.

वसुंधराबाईंची जोडवी चंद्रकुंभात गेली. पाणी फसफसलं. तीन मिनिटांनी बापूंनी लाकडी चमच्याने ती बाहेर काढली आणि पुसली. नव्यासारखी! टाळ्या पडल्या, कुणी शिट्टी मारली, बदरुद्दीनने तर गोट्यांवर चक्क फेर धरला.

वसुंधराबाई मात्र थबकल्या. त्या इंडियन स्कूलमध्ये रसायनशास्त्र शिकवत. "बापू, या पाण्यात गंधक असणार," त्या म्हणाल्या. "गंधकाने चांदी काळी पडतेच. त्यात रोगाचा काय संबंध?"

बापू मंद हसले. "बाई, काळी गंधकाने झाली म्हणता. मग पांढरी कशाने झाली? मी घासली? लिंबू लावलं? घ्या, चाखून बघा पाणी."

बाईंनी बोट बुडवून खरंच चाखलं. आंबट नव्हतं, साधं मचूळ होतं. लोक हसले. बापूंनी लगेच बाईंची आईकडून आलेली, झऱ्यात काळी पडलेली जाडजूड पैंजणं मागून घेतली आणि सूर्यकुंभात सोडली. दहा मिनिटं झाली तरी ती काळी ती काळीच.

"शंका!" बापूंनी मान हलवली. "शंकेचा रोग चिवट असतो. ही चांदी घरात नेऊ नका. रोगाच्या पेटीत ठेवा. मी अमावास्येला समुद्रात सोडीन."

ती पैंजणं पेटीत गेली. त्यांच्यामागून दोन जाड कडी, एक कमरपट्टा आणि मत्रहच्या बाजारातून घेतलेला एक भारी ओमानी हारही गेला.

सगळ्यांत शेवटी शांतारामकाका पुढे आले. वय बावन्न, धनंजयच्याच हॉटेलात कर्मचाऱ्यांच्या खानावळीत आचारी आणि त्याचे खोलीतले सोबती. नऊ वर्षांपूर्वी धनंजय मस्कतला उतरला, तेव्हा विमानतळावर त्याला न्यायला काकाच आले होते. चार वर्षांपासून त्यांना सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागे. ते ट्रंकेतली चांदीची अंगठी घालून आले होते, गावी राहणाऱ्या त्यांच्या पत्नीने, मीराबाईकाकूंनी, दिलेली.

अंगठी काळी पडली. चंद्रकुंभात गेली आणि लख्ख होऊन बाहेर आली.

"मधुमेह गेला!" बापूंनी हात उंचावला. "आता सुई बंद. अंगठी बोटातून काढायची नाही. सुई टोचलीत, तर रोग परत येईल आणि अंगठी काळी पडेल. चांदी तुमच्यावर नजर ठेवील!"

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. झऱ्याजवळ राहणारा एक म्हातारा ओमानी केव्हापासून हात हलवून काहीतरी सांगत होता, पण त्या गोंधळात त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नव्हता.

शनिवार, रविवार काका नुसते हवेत तरंगत होते. सोमवारपासून पाण्याच्या बाटल्या रिकाम्या व्हायला लागल्या. दर तासाला बाथरूम. मंगळवारी त्यांनी सांबारात मिठाऐवजी साखर घातली. डब्यावरची अक्षरं पुसट दिसतात म्हणाले.

"काका, इंजेक्शन घ्या," धनंजय म्हणाला.

"रोग बाहेर निघतोय रे. बापूंनी सांगितलंय, आठ दिवस तहान लागंल."

"काका, तुम्ही माझ्यासमोर वाळताय. एक घ्या. माझ्यासाठी."

खूप आढेवेढे घेऊन काकांनी मंगळवारी संध्याकाळी एक इंजेक्शन घेतलं. आणि बुधवारी सकाळी नऊ वाजता ते भांड्यांच्या विभागात धावत आले. त्यांनी हात पुढे केला. अंगठी काळी पडली होती.

"बघ! बघ, मेल्या! तू मला सुई टोचायला लावलीस! बापू म्हणाले तस्संच झालं!"

धनंजयने अंगठी जवळून बघितली. अंगठी खरोखर काळी होती आणि बापूंनी ते आधीच सांगून ठेवलं होतं. काका उलटे फिरले आणि जाता जाता म्हणाले, "आता मेलो तरी सुईला हात लावणार नाय."

सुन्न होऊन तो सिंककडे वळला. समोर नाश्त्याचे दोनशे ऐंशी काटे पडले होते. चांदीचा मुलामा दिलेले, आणि त्यांतले निम्मे काळे. ऑम्लेट, पोच्ड एग, उकडलेली अंडी; ज्या काट्याला अंडं लागतं तो काळा पडतो. गेली नऊ वर्षं तो रोज सकाळी हेच बघत होता. त्यावरचा इलाजही रोजचाच. त्याच्या हाताखालची पोरं त्याला 'काट्यांची आंघोळ' म्हणत. सिंकच्या तळाशी जर्मलचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, पत्रा ठेवायचा. वर काटे, त्यावर खाण्याचा सोडा, त्यावर उकळतं पाणी. तीन मिनिटं. पुसून टेबलावर.

त्याने सोडा टाकला, पाणी ओतलं. फेस आला आणि वाफेबरोबर अंड्याचा वास वर आला.

तोच वास. वादीतला.

धनंजयने घड्याळाकडे बघितलं. तीन मिनिटांनी काटा बाहेर काढला. लख्ख! आणि तो एकटाच असा मोठ्याने हसत सुटला, की पलीकडून बेकरीवाले डोकावून गेले. नऊ वर्षं जे काम रोज हाताखालून जात होतं, त्यालाच झेंडूच्या पाकळ्या घातल्यावर त्याने टाळ्या वाजवल्या होत्या!

तो धावतच खानावळीत गेला. "काका, आज नाश्त्याला काय होतं?"

"एग करी."

"अंडी कुणी सोलली?"

"मीच. दोनशे."

"अंगठी घालून?"

"बापूंनी काढू नको म्हटलंय ना!"

धनंजयने एका दमात सगळं सांगितलं: अंडी, काटे, सोडा, पत्रा. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि अंगठी मुठीत लपवली. "ती काट्यांची गोष्ट झाली, धन्या. माणसाची वेगळी. शुक्रवारी बापूच काय ते करतील."

दुसऱ्या शुक्रवारी मिनीबसमध्ये पुन्हा तेच लोक होते. काका खिडकीला डोकं टेकून बसले होते. गाल बसलेले, मांडीवर पाण्याची बाटली. धनंजयच्या पिशवीत तीन गोष्टी होत्या: सोड्याचं पाकीट, गरम पाण्याचा मोठा थर्मास आणि दात वाकल्यामुळे भंगारात काढलेला हॉटेलचा एक काटा, रीतसर गेटपास घेऊन आणलेला. मागे सगळ्यांसाठी अंडा बिर्याणीचे चार मोठे चकचकीत ट्रे होते.

वादीत पोहोचल्यावर बदरुद्दीन आणि बाकीचे मुसलमान गावातल्या मशिदीत जुम्म्याच्या नमाजाला गेले. बदरुद्दीन परतला तो कपाळावर हात मारतच. सोबत मागच्या खेपेचा तो ओमानी म्हातारा होता.

"धन्या, बाबा काय बोलतो ठाव हाय? त्या दिवशी पण तेच सांगत होता. बोलतो, चांदी काढून ठेवा, या पाण्यात काळी होते. इथल्या बायका सगळी चांदी घरी ठेवून येतात. बाबा चांदीच्या म्यानाचा खंजीर कमरेला लावून कधी पाण्यात उतरला नाय!"

"मग त्यांचे रोग कसे कळतात?" धनंजयने विचारलं.

"दवाखान्यात जातात, आणखी काय!"

बापू दगडावर बसले. टोप मांडले गेले. काका उठून पुढे जाणार, एवढ्यात धनंजयने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि स्वतः पुढे झाला.

"बापू, आज आधी माझा पेशंट."

"कोण?"

"हा." त्याने काटा वर धरला.

हशा पिकला. बापूंच्या भुवया जवळ आल्या. धनंजयने काट्याला सुतळी बांधली आणि काठावरूनच तो झऱ्यात सोडला. सात मिनिटांनी बाहेर काढला. चारही दात काळेकुट्ट!

"बापू, काट्याला कुठला रोग? मधुमेह की संधिवात?"

लोक हसायला लागले. पण बापू काही कच्चे नव्हते. "मूर्खा! हॉटेलचा काटा हा! हजार लोकांनी तोंडात घातलेला! हजारांचे रोग आहेत त्यात!"

"हां, ते पण बरोबर हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

"ठीक," धनंजय म्हणाला. "मग हजारांचा रोग घालवून दाखवा."

"हजारांचा रोग असा जातो होय? अकरा शुक्रवार लागतील!"

"मी तीन मिनिटांत घालवतो. बदरूभाई, एक ट्रे रिकामा कर!"

"यल्ला, चला!" बदरुद्दीनने एका ट्रेमधली बिर्याणी बाकीच्या तीन ट्रेंत लोटली. ट्रे झऱ्याशेजारच्या गोड्या पाण्याच्या पाटात धुऊन दगडावर ठेवला. धनंजयने काटा त्याच्या तळाला टेकवला, सोडा टाकला, थर्मास ओतला. पाणी फसफसलं. सव्वीस डोकी ट्रेवर वाकली. बदरुद्दीन मोठमोठ्याने सेकंद मोजत होता आणि एकेक जण त्याच्या सुरात सूर मिसळत होता. एकशे ऐंशीला अख्खी घळ घुमली.

धनंजयने काटा काढला, सदऱ्याला पुसला आणि उन्हात धरला. चकाकला!

"हजारांचा रोग गेला," तो म्हणाला. "बिर्याणीच्या ट्रेमध्ये."

"अ‍ॅल्युमिनियम!" वसुंधराबाई ओरडल्या. वर्गात एखाद्या मुलाने अवघड उत्तर दिल्यावर ओरडाव्यात, तशा. "अहो, चांदीवर गंधकाचा काळा थर बसतो. गरम सोड्याच्या पाण्यात चांदी अ‍ॅल्युमिनियमला टेकली, की अ‍ॅल्युमिनियम तो गंधक चांदीकडून काढून घेतं! पुस्तकात आहे, मीच शिकवते! मी मेली टोपात आम्ल शोधत बसले. टोप कशाचा आहे हे बघितलंच नाही!"

"मग बघूया की!" बदरुद्दीनने चंद्रकुंभाचं फडकं ओढलं. आतून जर्मलचा टोप निघाला, आमटीच्या जुन्या डागांसकट. सूर्यकुंभ स्टीलचा होता.

"म्हणजे हलकी चांदी जर्मलमध्ये," धनंजय सावकाश म्हणाला, "आणि भारी चांदी स्टीलमध्ये. रोगाची पेटी कशाने भरायची, ते टोप ठरवत होते."

"समुद्राला द्यायची होती ना, बापू?" बदरुद्दीनने पेटी उचलून वसुंधराबाईंच्या पुढ्यात ठेवली. "अमावास्या तर या आठवड्यातच होऊन गेली. मग सगळा माल अजून इथं कसा?"

पेटी उघडली. पैंजणं, कडी, कमरपट्टा, हार, एकेक जिन्नस ट्रेमध्ये गेला आणि एकेक लख्ख होऊन बाहेर आला. मग जत्राच भरली. लोक नाचत होते, पाणी उडवत होते, किल्ल्यांच्या साखळ्यासुद्धा ट्रेमध्ये बुडवून बघत होते. म्हाताऱ्या ओमानीला काय चाललंय ते फारसं कळलं नसावं, पण तोही पोट धरून हसत होता. बापू टोपांवर पुन्हा फडकी गुंडाळत बसले होते.

एक माणूस मात्र हसत नव्हता. शांतारामकाका दगडावर बसून काळी अंगठी बोटावर फिरवत होते.

"सगळं पटलं रे धन्या," ते कोरड्या ओठांनी म्हणाले. "पण माझी अंगठी इथं नाय काळी झाली. मस्कतात झाली. सुई घेतली नि दुसऱ्या दिवशी झाली."

धनंजय त्यांच्यासमोर उकिडवा बसला. त्याने बिर्याणीतलं एक अंडं घेतलं, धुतलं, मधोमध फोडलं. "बाई, तुमची जोडवी द्या जरा."

वसुंधराबाईंनी लख्ख जोडवी काढून दिली. त्याने ती गरम पिवळ्या बलकात दाबली, अंडं पुन्हा मिटलं आणि काकांच्या हातात ठेवलं. "धरून बसा."

नाचणारे एकेक करून भोवती जमले. दहा मिनिटं काका ते अंडं ओंजळीत धरून बसले होते. मग त्यांनी स्वतःच उघडलं. जोडव्यांवर तपकिरी-काळे डाग पडले होते.

"काका," धनंजय म्हणाला, "बाईंना मधुमेह नाही. त्यांनी सुई घेतलेली नाही. मग या अंड्याला कुणी इंजेक्शन दिलं होतं का?"

काकांनी अंड्याकडे बघितलं, जोडव्यांकडे बघितलं, मग आपल्या बोटाकडे. खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडताहेत. पण ते हसत होते. आवाजच फुटत नव्हता एवढे हसत होते, आणि त्या हसण्यातच डोळे वाहत होते.

"दोनशे सोलली रे," ते कसेबसे म्हणाले. "दोनशे अंडी! आणि मी सुईला शिव्या देतोय! चल, मला डॉक्टरकडे ने."

अडचण एकच होती. त्या घळीतून मस्कतला जायला बदरुद्दीनची मिनीबस सोडून दुसरं काही नव्हतं. त्यामुळे बापूही त्याच बसमधून परतले, शेवटच्या सीटवर, दोन्ही टोप मांडीवर घेऊन. पुढे गाण्यांच्या भेंड्या रंगल्या होत्या. रुस्ताकला डिझेल भरताना बदरुद्दीनने आरशात बघून विचारलं, "बापू, बस गरम झालीय. चंद्रकुंभात थंड पाणी हाय काय?" आठवड्याने बापू मुदतीआधीच मायदेशी परतले. त्यांचे टोप हमरियातल्या खोलीवरच राहिले.

त्या दिवशी बस आधी रुवीतल्या दवाखान्यापाशी थांबली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मशीनवरचा आकडा बघितला आणि पाच मिनिटं काकांना झापलं. आणखी तीन दिवस गेले असते तर तुम्ही इथे चालत आला नसता, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. सलाइन लावलं, इन्सुलिन सुरू केलं. बाकीची पंचवीसच्या पंचवीस माणसं दवाखान्याच्या पायऱ्यांवर उरलेली बिर्याणी खात थांबली होती.

बुधवारी काका पुन्हा कामावर आले. त्यांनी अंडी सोलली आणि अंगठी काळी पडली. सकाळचं इंजेक्शन त्यांनी नाश्त्याआधी घेतलेलंच होतं. ते भांड्यांच्या विभागात आले आणि अंगठी काढून काट्यांच्या ढिगाऱ्यात टाकली.

"हिला पण आंघोळ घाल रे," ते म्हणाले. "आणि तीन मिनिटं म्हणजे तीनच. मला सांबार बघायचंय."

चांदीला आपला रोग कळत नाही. अंगठीला नाही, दोऱ्याला नाही, पाण्याला नाही. तो रक्त तपासणाऱ्याला कळतो आणि औषधाने आवरतो. चमत्कार बघून आपण हरखलो, तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. धनंजयही हरखलाच होता, आणि तेही रोज स्वतःच्या हाताने करत असलेल्या कामाला. फक्त टाळी वाजवण्याआधी एक करावं: भांड्यावरचं फडकं उचलून बघावं. आणि कुणी ते उचलू देत नसेल, तर आपली चांदी आणि आपलं औषध, दोन्ही घेऊन सरळ घरी यावं.